परदेशी गेलेल्यांची कुत्री

मी, जगवंती, कै. रामसमुझ यांची पत्नी, वय बहात्तर, राहणार वुनिकाविका वसाहत, लंबासा, फिजी, पूर्वी येथल्याच शाळेत शिक्षिका, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. भाग पाडण्याइतकं जवळचं माणूस आता आसपास उरलेलंही नाही. माझी मूत्रपिंडं संपत आली आहेत, बुद्धी अजून शाबूत आहे. माझ्या मुलाचं मत याहून वेगळं असल्यामुळे मी आरोग्यकेंद्रात जाऊन सिस्टर लोसालिनीकडून तसा दाखला आणला. तिने मला वार विचारला, महिना विचारला, पंतप्रधान कोण ते विचारलं. मी तिला सतराचा पाढा म्हणून दाखवला आणि मग तिलाही म्हणायला लावला. ती सातावर अडली. दाखला सोबत जोडला आहे.

१. पती वारल्यावर मी वकिलाकडून जो कागद करून घेतला होता तो आजपासून रद्द समजावा. त्यात 'घर, जमीन व गुरे' असं लिहिलं होतं. गुरं केव्हाच गेली. जमीन आमची कधीच नव्हती, भाडेपट्ट्याची होती. आणि ज्यांची चिंता मला आज झोपू देत नाही त्यांचा त्या कागदात उल्लेखच नव्हता.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातील विलिकेसा यांनी करावी. ते पशुवैद्य नाहीत, पशुवैद्याच्या हाताखालचे आहेत. पण आमच्याकडे पशुवैद्य वर्षातून एकदा बोटीने येतो आणि विलिकेसा मोटरसायकलवरून दर आठवड्याला येतात, तेव्हा मी त्यांना डॉक्टरच म्हणते. ते नदीपलीकडच्या फिजियन गावचे, पण आमची बोली माझ्या नातवंडांपेक्षा चांगली बोलतात. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून आंब्याच्या लोणच्याशिवाय काही घेतलेलं नाही. फडताळातल्या लोणच्याच्या सगळ्या बरण्या त्यांच्या.

३. माझा एकुलता एक मुलगा प्रनील, राहणार ब्रिस्बेन, यास त्याच्या वडिलांची पेटी, लग्नातला फोटो आणि माझी सोन्याची मोहनमाळ देत आहे. मोहनमाळ सून शलेश्नीच्या गळ्यात पडावी. ती मुलगी चांगली आहे. फोनवर ती माझ्याशी हळू बोलते, जणू मी आधीच गेल्याची तिला खात्री झाली आहे.

प्रनील, तू दर रविवारी तेच बोलतोस म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी तुला दोष देणार नाही.

"माई, तू इथे ये. इथे रक्त धुवायचं मशीन आहे. आठवड्यातून तीनदा जायचं, बस."

"आणि ही?"

"कुत्र्यांसाठी मरणार आहेस का तू?"

"कुत्र्यांसाठी कोण मरतं? मी मूत्रपिंडांनी मरणार आहे."

"चेष्टा नको करूस, माई. लोक मला काय म्हणतील?"

लोक तुला काही म्हणणार नाहीत, बेटा. तू बोलावलंस, मी आले नाही. पण जाताना तू तुझा कुत्रा, पायलट, माझ्याकडे ठेवून गेलास, 'सहा महिन्यांनी बघू' म्हणालास, आणि नंतर कधी त्याच्याबद्दल विचारलं नाहीस. तो मागच्या दिवाळीत म्हातारपणाने गेला. तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. आता सांगितलं.

४. घर लाकडाचं आणि पत्र्याचं आहे. त्याखालची जमीन ज्यांची आहे त्या फिजियन घराण्याकडे भाडेपट्टा संपल्यावर ती परत जाईल आणि ते योग्यच आहे. त्यांनी मला कधी उठवलं नाही, माझ्या जनावरांबद्दलही कधी तक्रार केली नाही, आणि अशी तक्रार करायला वारा नुसता पूर्वेकडून वाहिला तरी पुरेसं कारण होतं. घराचे पत्रे, खांब, पाण्याची टाकी आणि शिलाईचं मशीन मी तारावीनीस देत आहे. तारावीनी कोण, ते पुढे येईल.

५. फुलकुमारी हिला, राहणार ऑकलंड, मी टायगरचा गळपट्टा देत आहे. टायगर गेल्यावर पोस्टाने पाठवावा.

हे असं का, ते सांगते. फुलकुमारी आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन वुनिकाविकात आलो. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये उसाचा एक पट्टा. ती हाक मारायची आणि मी चुलीवरची पोळी सोडून जायची. तिच्या सासऱ्यांचा भाडेपट्टा संपला, मुलगा न्यूझीलंडला होताच, त्यांनी जायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी ती टायगरला घेऊन आली. तांबूस, एक कान दुमडलेला, सात-आठ वर्षांचा कुत्रा.

"दोन-चार महिने ठेव गं," ती म्हणाली. "घर घेतलं की बोलावून घेऊ."

"विमानातून कुत्रा नेतात होय?"

"नेतात म्हणे. कागद करावे लागतात."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं की असले कागद कोणी करत नाही.

ती गेल्यावर तिच्या घराचे पत्रे उतरवले, लाकूड विकलं. टायगर रोज सकाळी उठून रस्त्याच्या कडेला जाऊन बसायचा, घर होतं त्या दिशेला तोंड करून. पुढे तिथे गवत वाढलं आणि खांब दिसेनासे झाले, तरी तो त्या गवताकडे बघत बसायचा. पहिलं वर्षभर फुलकुमारीचा फोन आला की पहिला प्रश्न असायचा, "टायगर कसा आहे?" मग तो प्रश्न शेवटी यायला लागला. मग आलाच नाही. गळपट्टा पाठवण्यामागे राग नाही. थोडा आहे.

तिच्यामागून बाकीचे गेले. कोणी सिडनीला, कोणी मेलबर्नला, कोणी सुवाला. गॅसची शेगडी नातेवाइकांना, गाय विकायला आणि कुत्रा जगवंतीकडे, असा वसाहतीचा रिवाजच पडला. सुरुवातीला लोक येऊन, चहा पिऊन, डोळे पुसून कुत्रा ठेवून जायचे. पुढेपुढे चहा गेला, डोळे पुसणं गेलं. पहाटे उठून पाहावं तर फाटकाला दोरी आणि दोरीला कुत्रा.

मी काही आश्रम काढलेला नाही. लंबाशातले लोक तसं म्हणतात, पण आश्रम काढायला मनात काहीतरी ठरवावं लागतं. मी फक्त कोणाला परत पाठवलं नाही.

६. रामायण मंडळीस मी पितळेची मोठी परात आणि पुऱ्या तळायची कढई देत आहे. दोन्ही त्यांनी पूर्वी वापरली आहेत. कधी वापरली ते त्यांना आठवत नसेल, म्हणून लिहिते.

आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा मी मंगळवारच्या रामायणपाठानंतर सगळ्यांना थांबायला सांगितलं. पहाटेपासून पुऱ्या केल्या, भोपळ्याची भाजी केली, खीर केली. जेवणं झाल्यावर उभी राहिले आणि शाळेत बोलायची तशी बोलले. म्हटलं, प्रत्येक घराने एक कुत्रा न्यावा. एकच. आणि ज्यांच्या घरी कुत्री आहे त्यांनी तिचं ऑपरेशन करून घ्यावं. विलिकेसा डॉक्टर फी घेत नाहीत, फक्त औषधाचं द्यायचं. जे परदेशी जाणार आहेत त्यांनी निदान दोन महिने आधी सांगावं, म्हणजे घर शोधता येईल.

मग मंडळीचे प्रमुख बिसुनदेव उठले. वसाहतीतलं एकमेव दुकान त्यांचं. ते माझ्याच वर्गात शिकले. हात जोडून म्हणाले, "मास्तरीणकाकी म्हणजे साक्षात देवी आहेत. हे पुण्य त्यांच्या नशिबात आहे, आपल्या कुठलं!"

लोकांनी माना डोलावल्या.

"पुण्य वाटून घ्या ना," मी म्हटलं. "एक-एक घरी न्या."

"तुमच्यासारखं मन कुठून आणू, काकी?"

"मन नको. भांडंभर भात पुरतो."

मागून एक बाई म्हणाली, "कुत्रीला आई होऊ द्यायचं नाही, हे पाप नाही का?"

"आणि तिची पिल्लं माझ्या फाटकाशी टाकायची, हे काय आहे?"

सगळे उठले, हात धुतले. भोपळ्याची भाजी फार चांगली झाली होती, असं प्रत्येकाने मला जाताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी तीन कुत्री बांधलेली होती. एकाच्या गळ्यात आदल्या दिवशीच्या पूजेचा झेंडूचा हार होता.

७. फाटकाची साखळी आणि कुलूप कोणालाही देत नाही. ती नदीत टाकावीत.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात आवारात रक्ताची हगवण आली. विलिकेसा म्हणाले होते की येईल. "काकी, इतक्या अंगांना एवढी जागा नाही पुरत. एकाला झालं की सगळ्यांना होणार." आजाऱ्याला वेगळं ठेवायचं म्हणजे कुठे? मी स्वयंपाकघरात ठेवलं, न्हाणीत ठेवलं, शेवटी माझ्या पलंगाखाली ठेवलं. जमिनीवर चुन्याचं पाणी ओतून ओतून हाताची कातडी गेली. पिल्लं आधी गेली. सकाळी दूध पिणारं पिल्लू दुपारी डोळे पांढरे करायचं. मी आणि तारावीनी खड्डे खणत होतो, आणि पावसाने ते भरत होते. त्या महिन्यात मी एका जिवाला 'ये' म्हणताना दुसऱ्याला काय म्हणत होते, ते मला कळलं.

म्हणून मी फाटकाला साखळी लावली आणि पाटी लिहिली: जागा नाही. आपल्या लिपीत लिहिली, रोमन अक्षरांत लिहिली, तारावीनीने फिजियनमध्ये लिहिली. वाचता येत नाही असं कोणी म्हणू नये. वसाहतीतल्या अर्ध्या लोकांना तर मीच वाचायला शिकवलं.

पाटी लावून आठवडा झाला नसेल. सकाळची वेळ, भाताचं पातेलं अजून चुलीवर होतं, सगळी भुकेलेली. कुंपणावरून एक गोणी आत पडली. तोंड सुतळीने सैल बांधलेलं. मी पायरीवरून पाहिलं, धावले. माझं धावणं ते काय असणार. गोणीत पाच-सहा पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली. मोठी कुत्री माझ्याआधी तिथे पोचली.

त्यांचा राग करता येत नाही. ती गर्दीत राहून राहून तशी झाली होती. त्यांतली दोन तर माझ्या हातचं खाऊन माझ्याच पायांवर झोपणारी होती.

ती गोणी मी धुतली, वाळवली, घडी करून पडवीच्या खुंटीवर ठेवली आहे. तिच्यावर ज्या दुकानाचा शिक्का आहे आणि ती कोणाच्या घरी गेली होती, ते मला ठाऊक आहे. नाव या कागदात लिहीत नाही. गोणी मी त्याची त्याला देत आहे. त्याने येऊन न्यावी. कोणी काही विचारणार नाही.

८. ~~माझ्यामागे आवारातील सर्व कुत्र्यांचा ताबा, तसेच माझ्या निर्वाह निधीत उरलेली रक्कम, मी तारावीनीस देत आहे. तिने त्यांना आयुष्यभर सांभाळावे.~~

हे कलम मी खोडलं आहे. खोडलेल्या जागी बाजूला सही केली आहे. का खोडलं, ते लिहिणं मला भाग आहे, नाहीतर लोक तिला नावं ठेवतील.

तारावीनी नदीपलीकडची. बाजारात खेकडे विकते. दोन मुलं, नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. पाच वर्षांपूर्वी ती माशांची डोकी घेऊन फाटकाशी आली आणि म्हणाली, "काकी, ही टाकून द्यायची ती तुमच्याकडे टाकते." तेव्हापासून ती रोज आली. माशाची डोकी, कसाव्याची सालं, कधी नुसतीच आली. गोचीड काढायला तिच्यासारखे हात मी पाहिले नाहीत. चावऱ्या कुत्र्यालाही ती काखेत धरून गाणं म्हणायची आणि तो गप्प बसायचा. माझ्या पायांना सूज आल्यापासून पातेली तीच उचलते. तिचा स्वतःचा एक कुत्रा आहे, काळा, नाव सेगा. सेगा म्हणजे त्यांच्या भाषेत 'नाही'. तिची आई त्याला पाहून एवढंच म्हणाली होती, म्हणून तेच नाव पडलं.

वरचं कलम लिहून मी आनंदात होते. दोन दिवस मला जेवण गोड लागलं. तिला अजून सांगायचं होतं. काल दुपारी ती आली ती पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"काकी, एक सांगायचंय. रागावू नका."

"रागवायला ताकद लागते. बोल."

"माझं नाव लागलंय. ऑस्ट्रेलियाला. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या घरात. चार वर्षांचं काम आहे."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"कधी?"

"पुढच्या महिन्यात बोट, मग सुवाहून विमान."

"मुलं?"

"आईकडे. काकी, खेकड्यांवर शाळा होत नाही. मोठी आता हायस्कुलात जाईल."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. आणि खरंच बरोबर होतं. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच बोटीने गेले असते. तिकडे कोणाची तरी आई अंथरुणात पडून असेल, तिला हे हात मिळतील. ती भाग्याची.

मग ती पायांकडे बघायला लागली. तेव्हा माझं लक्ष फाटकाकडे गेलं. साखळीच्या पलीकडे सेगा बांधलेला होता.

"आई म्हणते, दोन नातवंडं सांभाळीन, कुत्रा नाही," तारावीनी म्हणाली. "सगळ्या गावात विचारलं, काकी. कोणी घेत नाही. तुम्हीच सांगा, कुठे नेऊ?"

ती रडायला लागली. पाच वर्षांत एवढी पिल्लं पुरली, तेव्हा ती रडली नव्हती.

"आत घे," मी म्हटलं. "फाटक लगेच लाव, नाहीतर बाकीचे बाहेर पडतील."

तिला दिलेले पत्रे, टाकी आणि शिलाईचं मशीन तिचंच राहील. ते तिच्या आईच्या घरी पोचवावं. कोणी तिला वाईट बोललं तर हे कलम वाचून दाखवावं.

९. आता जे लिहिते ते विलिकेसा यांना आज सकाळी तोंडी सांगितलं आहे.

आवारात आज चाळिसाच्या वर जीव आहेत. मी गेल्यावर त्यांना भात कोण घालणार? कोणी नाही. आठ दिवस ती फाटकाच्या आत ओरडतील. मग कोणीतरी दया येऊन फाटक उघडेल, आणि ती उसात शिरतील, कोंबड्या मारतील, शाळेच्या वाटेवर पोरांमागे लागतील. मग बंदुका निघतील, विष निघेल. हे मी शेजारच्या वसाहतीत पाहिलं आहे.

म्हणून माझी इच्छा अशी: माझ्यानंतर एक महिना विलिकेसा यांनी प्रत्येकासाठी घर शोधावं. कोणीही मागितलं तरी त्या घरी सावली आणि पाणी आहे का, ते आधी पाहावं. त्या महिन्याच्या तांदळाची आणि माशांची सोय निर्वाह निधीतून व्हावी. महिन्यानंतर जी उरतील त्यांना त्यांनी सुई देऊन निजवावं.

हे ऐकून विलिकेसा खुर्चीतून उठले. एवढा धिप्पाड माणूस, पण त्यांना पडवीत उभं राहायला जागा सुचेना.

"काकी, मी जनावरांना बरं करायला शिकलो."

"माहीत आहे."

"ही मी वाढवलेली आहेत. निम्म्यांची नाळ मी कापली."

"म्हणूनच तुम्हाला सांगते. ती तुमच्या हाताला घाबरत नाहीत."

"दुसरा कोणी..."

"दुसरा कोण, विलिकेसा? नाव सांगा. मी आत्ता लिहिते."

ते पायरीपर्यंत गेले, परत आले. साखर कारखान्याचा भोंगा झाला. मग म्हणाले, "राणीला मी नेईन. आणि तो आंधळा. घरात बायको बोलेल, बोलू दे. बाकीच्यांचं... बघतो."

"बघतो नको. हो म्हणा."

"हो," ते म्हणाले, आणि टोपी न घेता गेले.

विलिकेसा, टोपी खुंटीवर आहे. कसं करायचं तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला ठरवावं लागणार नाही. सकाळी सगळ्यांना पोटभर जेवण, भातात मासा. मग एकेकाला घराच्या मागे, फणसाखाली न्यावं, इतरांना दिसणार नाही असं. दोरी लावू नये. आधी झोपेचं औषध, ते डोकं टेकतील तेव्हा दुसरं. प्रत्येकाला नावाने हाक मारावी. कुत्र्याला शेवटी आपलं नाव ऐकू आलं पाहिजे. टायगर फार म्हातारा आहे आणि ऐकू येत नाही, त्याच्या दुमडलेल्या कानाखाली खाजवावं. सेगाला सगळ्यांत शेवटी न्यावं, तोवर कोणी आलं तर येईल.

खड्डा एकच करावा. जन्मभर ती दाटीत राहिली, हे मला ठाऊक आहे. पण वेगवेगळे खड्डे खणायला माणसं मिळणार नाहीत.

१०. माझ्या देहाला अग्नी द्यावा. प्रनीलला येता आलं नाही तर बिसुनदेव यांनी द्यावा. विद्यार्थ्याचा तेवढा अधिकार आहे. प्रनीलने त्यासाठी विमानाचं तिकीट काढून धावपळ करू नये.

११. माझ्या तेराव्याला जेवण घालू नये. पुरी नको, भोपळा नको, भाषण तर मुळीच नको. कोणी मला देवी म्हणू लागला तर त्याला खाली बसवावं.

त्याऐवजी त्या दिवशी शाळेच्या पटांगणात विलिकेसा यांनी टेबल मांडून बसावं. वसाहतीतल्या आणि नदीपलीकडच्या प्रत्येक घराने आपली कुत्री दोरीला धरून आणावी आणि तिचं ऑपरेशन करून न्यावं. औषधाचे पैसे माझ्या निधीतून जातील, तेवढे उरतात. ज्याच्याकडे कुत्री नाही त्याने एक बादली पाणी आणावं, दुसऱ्याची कुत्री धरून बसावं, चादर धुवावी. माझ्यासाठी कोणाला काही करावंसं वाटलं तर एवढंच करावं. एक कुत्री घेऊन कोणी आलं तरी पुढे फाटकाशी टाकली जाणारी कितीतरी पिल्लं जन्मालाच येणार नाहीत. हा हिशेब मी चौथीच्या वर्गातसुद्धा सोडवून दाखवला असता.

लोक येतील असं मला वाटत नाही. मी त्यांना लहानपणापासून ओळखते. ऊन असेल, कोणाला कारखान्यात पाळी असेल, कोणाच्या घरी त्याच दिवशी पाहुणे असतील. कोणाची तिकिटं आलेली असतील.

तरी विलिकेसा यांनी टेबल उचलू नये. दिवस मावळेपर्यंत बसावं.

हा कागद मी दोनदा वाचला. शुद्धलेखन तपासलं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असा कायदा आहे. बिसुनदेव यांना बोलावून मी विचारलं, "तुम्हाला एक कुत्रा लिहून देऊ का?" ते घाईने म्हणाले, "नको काकी, मला काही देऊ नका, मी साक्षीदार होतो." वुनिकाविकात साक्षीदारांचा तुटवडा नाही.

सही: जगवंती रामसमुझ

ही सही जगवंती यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या घराच्या पडवीत केली. त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. आम्हाला या कागदातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिला: बिसुनदेव, दुकानदार, वुनिकाविका

साक्षीदार दुसरी: लोसालिनी, परिचारिका, आरोग्यकेंद्र

ठिकाण: वुनिकाविका, लंबासा, फिजी
तारीख: ९ सप्टेंबर २०२४